पुनर्स्थापक न्याय: ‘मिटवून टाका’ आणि ‘भरून द्या’ यांतला फरक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुनर्स्थापक न्याय म्हणजे नेमके काय?

रिस्टोरेटिव्ह जस्टिस या संकल्पनेला मराठीत पुनर्स्थापक न्याय, पुनर्स्थापनात्मक न्याय अशी नावे दिली जातात. त्यांपैकी एकही जिभेवर सहज रुळत नाही, पण मूळ कल्पना अवघड नाही. नेहमीच्या फौजदारी खटल्यात कोणता कायदा मोडला, तो कोणी मोडला आणि त्याबद्दल शिक्षा काय, हे तीन प्रश्न विचारले जातात. पुनर्स्थापक न्यायात प्रश्न बदलतात: कोणाचे काय नुकसान झाले, त्या माणसाला आता कशाची गरज आहे, आणि ते भरून देण्याची जबाबदारी कोणाची. अमेरिकेतील हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये ही मांडणी सविस्तर केली आणि आजही बहुतेक कार्यक्रम तिच्याच आधाराने चालतात.

त्यापूर्वी, १९७७ मध्ये, नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी असा मुद्दा मांडला होता की, दोन माणसांमधला संघर्ष ही त्यांची मालमत्ता असते आणि वकील व शासनयंत्रणा ती त्यांच्याकडून काढून घेतात. आपल्या न्यायालयातील फाइल उघडली तरी हे दिसते. खटल्याचे नाव ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे असते, आणि जिचे घर फुटले किंवा ज्याचा पाय मोडला तो माणूस त्या फाइलमध्ये सरकारी साक्षीदार क्रमांक एक होऊन बसतो. त्याला समन्स येते, त्याची उलटतपासणी होते आणि निकालाची बातमी पुष्कळदा त्याला दुसऱ्याकडून कळते.

याची सुरुवात कोठे झाली?

आधुनिक काळातील सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला आहे. १९७४ मध्ये एल्मायरा या छोट्या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मोटारींची चाके फाडली गेली, खिडक्या फुटल्या. मार्क यांट्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या अपराध्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) न्यायाधीशांना सुचवले की, या दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांना प्रत्यक्ष भेटावे. न्यायाधीशांनी ते मान्य केले. दोघे तरुण दारोदार गेले. दार उघडल्यावर आपण कोण आणि का आलो आहोत हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते, आणि सोबत आलेले अधिकारी मागे उभे राहत. पुढे त्यांनी त्याच घरांमध्ये पुन्हा जाऊन भरपाई दिली. यात ‘मी तुमची खिडकी फोडली’ हे वाक्य ज्याची खिडकी फुटली त्याच्यासमोर उच्चारावे लागले, हे विसरू नये. पुढे येणाऱ्या अनेक प्रश्नांची उत्तरे या तपशिलावर अवलंबून आहेत.

देशाच्या पातळीवर हा विचार कायद्यात आणण्याचा मान न्यूझीलंडकडे जातो. तेथे १९८९ च्या बालक, तरुण व कुटुंब विषयक कायद्याने ‘कुटुंब बैठक’, म्हणजे अपराधी मुलगा, त्याचे कुटुंब, पीडित आणि पोलीस यांनी एकत्र बसून पुढे काय करायचे ते ठरवण्याची बैठक, ही बालगुन्हेगारीच्या व्यवस्थेचा कणा बनली. खून आणि सदोष मनुष्यवध हे गुन्हे वगळता अल्पवयीनांचे बहुतेक गंभीर खटले तेथे अशा बैठकीतून जातात. प्रौढांच्या बाबतीत, डिसेंबर २०१४ पासून, आरोपीने गुन्हा कबूल केला असेल आणि प्रकरणात पीडित असेल तर शिक्षा सुनावण्यापूर्वी जिल्हा न्यायालयाला कामकाज थांबवून अशी बैठक योग्य ठरेल का याची चौकशी करवून घ्यावी लागते.

ही माओरींची परंपरा आहे, असे म्हणतात ते खरे का?

अर्धे खरे आहे. माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. माओरी मुलांना कुटुंबापासून तोडून सरकारी संस्थांत ठेवण्याच्या धोरणावर १९८८ च्या ‘पुआओ-ते-अता-तू’ या अहवालाने कठोर टीका केली आणि त्या टीकेतून १९८९ चा कायदा घडला. कुटुंबाने एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत माओरी रीतींशी जुळणारी आहे. परंतु बैठक बोलावतो तो सरकारी समन्वयक, आणि अंतिम अधिकार राहतो तो न्यायालयाचा. त्यामुळे परंपरेचे नाव आणि सत्ता मात्र जुनीच, अशी टीका माओरी अभ्यासकांनीच केली आहे. माओरींसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्थेची मागणी करणारा मोआना जॅक्सन यांचा अहवालही १९८८ मधलाच, आणि ती मागणी मान्य झाली नाही.

बैठकीत प्रत्यक्ष काय घडते?

बैठकीच्या आधीचे काम बैठकीपेक्षा मोठे असते. समन्वयक दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे भेटतो, गुन्हा करणाऱ्याने घडलेली गोष्ट मान्य केली आहे ना याची खात्री करतो, पीडिताला काय विचारायचे आहे ते ऐकून घेतो, आणि कोणी सोबत यावे, कोणी येऊ नये, हे ठरवतो. चांगल्या कार्यक्रमांत ही तयारी कित्येक आठवडे चालते.

बैठकीच्या दिवशी खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि बहुधा मध्ये टेबल नसते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी आणि शक्य तर वेगवेगळ्या दारांनी आत येतात, म्हणजे पायऱ्यांवर किंवा वाहनतळावर अवचित गाठ पडत नाही. ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमध्ये रुळलेल्या पद्धतीत पहिल्यांदा गुन्हा करणारा बोलतो: काय घडले, त्या वेळी मनात काय होते, आणि कोणाकोणावर परिणाम झाला असे त्याला वाटते. त्यानंतर पीडित बोलतो, मग पीडितासोबत आलेली माणसे, मग गुन्हा करणाऱ्याचे आईवडील किंवा नातेवाईक. पीडिताचा संताप ऐकताना निर्विकार बसलेला मुलगा स्वतःची आई बोलू लागल्यावर मान खाली घालतो, असे या बैठका चालवणारे पुन्हा पुन्हा सांगतात. ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभाही हाच आहे: माणसाला सुधारते ती त्याला वाळीत टाकणारी लाज नव्हे, तर ज्यांचा त्याला आदर आहे त्यांच्यासमोर वाटणारी आणि परतीची वाट उघडी ठेवणारी लाज.

शेवटी काय करायचे ते ठरते. न्यूझीलंडच्या पद्धतीत येथे कुटुंबाला एकांत दिला जातो. पोलीस, समन्वयक आणि पीडित बाहेर जातात आणि कुटुंब आपला प्रस्ताव घेऊन परत येते. इतरत्र सर्वांसमोर करार ठरतो, आणि समन्वयक तो कागदावर उतरवत असताना बाकीच्यांना चहा-बिस्किटे दिली जातात. ही पाच-दहा मिनिटे वरवर बिनकामाची वाटतात, परंतु औपचारिक बोलणे संपलेले आणि सही अजून बाकी असलेली ही वेळ अनुभवी समन्वयक मुद्दाम लांबवतात, कारण ठरवून न आलेली वाक्ये याच वेळी निघतात.

म्हणजे हे आपसात मिटवणेच झाले ना?

नाही. मराठी वाचकाच्या बाबतीत हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल.

आपल्याकडे ‘मिटवून टाका’ या शब्दांत प्रकरण जणू पुसून टाकण्याचा अर्थ आहे. गावातली चार वजनदार माणसे बसतात, दोन्हीकडच्यांना ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे सांगतात, काही रक्कम ठरते, तक्रार मागे घेतली जाते किंवा साक्षीदार न्यायालयात फितूर होतो, आणि काय घडले होते याविषयी पुन्हा कोणी बोलायचे नसते. अशा तडजोडीत गुन्हा कोणी कबूल करत नाही. किंबहुना कबुली टाळता यावी यासाठीच ती केली जाते. कागदावर पुष्कळदा ‘गैरसमजातून तक्रार झाली’ असे लिहिले जाते, म्हणजे मार खाल्लेल्या माणसावरच खोटे बोलल्याचा ठपका येतो.

पुनर्स्थापक न्यायात कबुली ही पहिली अट आहे. घडलेली गोष्ट नाकारणाऱ्याला त्या गोलात खुर्ची नसते. त्याने न्यायालयात जावे आणि निर्दोष सुटण्याचा आपला हक्क बजावावा. दुसरी गोष्ट म्हणजे, तडजोडीत सर्वांत कमी बोलतो तो पीडित, तर येथे सर्वांत जास्त वेळ त्याचा असतो. तिसरी, तडजोड शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि भाऊबंदांच्या दबावावर उभी असते, आणि ती नाकारणारा ‘ताठर’ ठरतो. येथे मात्र पीडिताने कोणत्याही टप्प्यावर नाही म्हटले की बैठक रद्द होते आणि त्याचा त्याच्या खटल्यावर काही परिणाम होत नाही. या तीनही गोष्टी कागदावर सोप्या आणि व्यवहारात दुर्मिळ आहेत, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या कार्यक्रमात यांपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी त्याला परदेशी नाव देऊन तो पुनर्स्थापक होत नाही.

गुन्हा करणाऱ्याने माफी मागितली, तर पीडिताने क्षमा केलीच पाहिजे का?

मुळीच नाही. क्षमा हा पीडिताचा खासगी विषय आहे, आणि जो समन्वयक बैठकीत ‘आता तुम्हीही मोठ्या मनाने...’ अशी सुरुवात करतो, त्याला हे काम देऊ नये. तोंडदेखली माफी पीडिताला लगेच ओळखू येते आणि ती न मागितलेल्या माफीपेक्षा जास्त झोंबते, हाही अनुभव आहे.

पीडितांना याचा खरेच उपयोग होतो का?

होतो, पण सर्वांना नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे १९९५ ते २००० या काळात लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग यांनी एक मोठा प्रयोग केला. पोलिसांनी पाठवलेली प्रकरणे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, काही न्यायालयाकडे आणि काही बैठकीकडे वळवण्यात आली. बैठकीस गेलेल्या पीडितांना माफी मिळण्याचे प्रमाण न्यायालयात गेलेल्यांच्या कितीतरी पट होते. हिंसक गुन्ह्यांतील पीडितांना ‘संधी मिळाली तर तुम्ही गुन्हेगाराला इजा कराल का’ असे विचारले असता, न्यायालयात गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी होकार दिला, तर बैठकीस गेलेल्यांपैकी दहांतल्या एकापेक्षाही कमी जणांनी. सूडभावना शिक्षेने शमते, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही. ब्रिटनमध्ये २००१ पासून झालेल्या आणि जोआना शॅपलंड यांनी मूल्यमापन केलेल्या प्रयोगांत बैठकीला गेलेल्या सुमारे ८५ टक्के पीडितांनी समाधान व्यक्त केले.

आता दुसरी बाजू. न्यूझीलंडच्या कुटुंब बैठकांच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात निम्म्याहून कमी बैठकांना पीडित हजर होते, आणि हजर राहिलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश जणांना बैठकीनंतर आधीपेक्षा वाईट वाटले. न येण्याचे कारण काय? गुन्हेगाराचे तोंड पाहायचे नाही म्हणणारे फारच थोडे होते. बाकीच्यांना एक तर निमंत्रणच मिळाले नव्हते, किंवा बैठक त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवली होती. मुलाच्या कुटुंबाची सोय पाहून दिवस ठरला आणि ज्याचे नुकसान झाले त्याला ऐनवेळी कळवले, असे ते चित्र होते. कॅनबेरातही सर्वांत नाराज निघाले ते बैठकीचे आश्वासन मिळूनही ती न झालेले पीडित. एकदा गुन्ह्याने आणि एकदा यंत्रणेने, असा त्यांचा दोनदा अपेक्षाभंग झाला होता.

पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी होते का?

थोडे कमी होते. ‘थोडे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण या विषयाचे समर्थक तो विसरतात आणि विरोधक तेवढाच लक्षात ठेवतात.

२०१३ मध्ये स्ट्रँग, शर्मन आणि सहकाऱ्यांनी तीन खंडांतील दहा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण १,८८० अपराधी होते. दहापैकी नऊ प्रयोगांत, बैठकीनंतरच्या दोन वर्षांत पुन्हा घडलेल्या गुन्ह्यांची संख्या तुलनेने कमी आढळली. परिणाम मध्यम स्वरूपाचा होता, पण ब्रिटनमधील प्रयोगांत खर्चाच्या मानाने बचत कित्येक पट ठरली. ब्रिटनच्या प्रयोगांवरून दिला जाणारा १४ टक्के घटीचा आकडा पुन्हा गुन्हा करण्याच्या वारंवारतेचा आहे. एखादा माणूस पुन्हा गुन्ह्यात सापडेल की नाही, या साध्या प्रश्नावर मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे दहा वेळा चोरी करणारा आठ-नऊ वेळा करू लागतो असे म्हणता येईल. तो साधू होतो असे नाही.

आणखी एक अट ध्यानात ठेवावी. या प्रयोगांत विभागणी होण्यापूर्वीच अपराधी बैठकीस तयार झालेला होता. म्हणून हे निष्कर्ष तयार असलेल्या माणसांविषयी आहेत. हाच उपाय सक्तीने सर्वांना लावला तर तेच आकडे मिळतील, असे मानायला काही आधार नाही.

हा उपाय किरकोळ गुन्ह्यांपुरताच ठेवावा, हे योग्य नाही का?

सर्वसाधारण समजूत तशी आहे आणि बहुतेक देशांची धोरणेही तशीच आहेत. पुरावा मात्र उलट दिशेला झुकतो. २०१३ च्या आढाव्यात मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसक गुन्ह्यांत परिणाम अधिक दिसला. कॅनबेरात हिंसक गुन्हे केलेल्या तरुणांच्या गटात, तुलनेच्या गटापेक्षा, दर शंभर जणांमागे वर्षाला ३८ गुन्हे कमी झाले, तर दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांच्या गटात किंचित वाढ झाली. हे तर्कालाही धरून आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्याच्या समोर बसायला कोणी जखमी माणूस नसतो; मग बैठकीत होते ते व्याख्यान.

शिवाय किरकोळ गुन्ह्यांचा आग्रह धरला की जाळे रुंदावते. पूर्वी हवालदाराने दम देऊन सोडलेल्या मुलाला आता अर्ज, समुपदेशन, बैठक, करार आणि पाठपुरावा यांतून जावे लागते. कार्यक्रमाच्या वार्षिक अहवालात लाभार्थींची संख्या वाढते. तुरुंगातली संख्या तेवढीच राहते.

लैंगिक अत्याचार आणि कौटुंबिक हिंसाचार यांतही असे करावे काय?

भारतात आजच्या स्थितीत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; इतरत्र काय चालते तेही सांगतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ‘प्रोजेक्ट रिस्टोर’ हा कार्यक्रम लैंगिक गुन्ह्यांपुरताच चालतो. त्यात पीडितेसोबत एक प्रशिक्षित तज्ज्ञ, अपराध्यासोबत दुसरा आणि या दोघांहून वेगळा समन्वयक अशी तिहेरी रचना असते, आणि तयारी पूर्ण झाल्याशिवाय दोघांची गाठ घातली जात नाही. न्यायालयात उलटतपासणीचा छळ सोसण्यापेक्षा ‘तू हे का केलेस’ हा एकच प्रश्न विचारण्याची इच्छा असलेल्या स्त्रिया असतात, आणि त्यांच्या वतीने नकार देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा आक्षेपही खरा आहे.

परंतु आपल्याकडे ‘समेट’ या शब्दामागे काय येते याचा नमुना जुलै २०२० मध्ये दिसला. घरात घुसून स्त्रीचा विनयभंग केल्याचा आरोप असलेल्या माणसाला जामीन देताना मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अशी अट घातली की, त्याने रक्षाबंधनाच्या दिवशी मिठाई घेऊन तक्रारदार स्त्रीच्या घरी जावे, तिला राखी बांधण्याची विनंती करावी, तिच्या रक्षणाचे वचन द्यावे आणि ओवाळणी म्हणून ११,००० रुपये द्यावेत. यात कबुली नाही, तिची संमती नाही, आणि ज्या उंबऱ्याच्या आत तो आधी घुसला होता तोच उंबरा ओलांडण्याची मोकळीक आहे. १८ मार्च २०२१ रोजी, अपर्णा भट प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली आणि अशा प्रकरणांत विवाह, तडजोड किंवा मध्यस्थी सुचवू नये अशी तंबी खालच्या न्यायालयांना दिली. त्यापूर्वी २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणातही, बलात्काराच्या गुन्ह्यात कोणत्याही परिस्थितीत तडजोडीचा विचार होऊ शकत नाही, असे याच न्यायालयाने म्हटले होते.

कौटुंबिक हिंसाचाराचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण तो एक घटना नसून सततची सत्ता असते. बैठकीत नवरा काय बोलला यापेक्षा परतताना रिक्षात तो काय बोलेल याची धास्ती जिला आहे, तिच्या त्या बैठकीतल्या होकाराला फारसा अर्थ नाही.

मग संमती खरी आहे हे ओळखायचे कसे?

नकार देण्याची किंमत किती आहे, ते पाहावे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तेथे न्यायालयाचा मार्ग इतका लांब आणि खर्चिक असतो की दुसरा कोणताही मार्ग माणसाला आकर्षक वाटतो. दहा वर्षे तारखांना हेलपाटे घालण्याच्या भीतीने दिलेला होकार सहीपुरता होकार असतो. म्हणून न्यायालये जेथे बऱ्यापैकी वेळेत निकाल देतात, तेथेच पुनर्स्थापक न्याय प्रामाणिकपणे चालू शकतो. खटल्यांचा ढीग कमी करण्यासाठी हा मार्ग आणावा, असे जेव्हा परिसंवादांत सुचवले जाते, तेव्हा गाडी उलटी जुंपलेली असते.

अवलंबित्व हा दुसरा निकष. त्याच मालकाच्या शेतात उद्या मजुरीला जायचे असेल, त्याच पाणवठ्यावर पाणी भरायचे असेल, तर दलित कुटुंबाचा होकार मोकळेपणाने आला असे मानता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या १९८९ च्या कायद्याखालचे गुन्हे तडजोडयोग्य ठेवलेले नाहीत, त्यामागचे कारण समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

आरोपीच्या हक्कांचे काय?

बैठकीत केलेली कबुली उद्या खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरली गेली, तर कोणताही शहाणा वकील आपल्या अशिलाला तेथे बसू देणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या मूलतत्त्वांत याची दखल आहे: बैठकीतला सहभाग पुढील खटल्यात दोषाचा पुरावा मानू नये, करार न झाल्याचा फायदा फिर्यादी पक्षाने घेऊ नये, आणि करार पाळला गेला नाही एवढ्यावरून शिक्षा वाढवू नये. याशिवाय, अपमानकारक अटी करारात येऊ नयेत यासाठी न्यायालयाची नजर लागते. संतापलेल्या गोलाने एखाद्या मुलाला चौकात पाटी धरून उभे करायचे ठरवले, तर ते एकमताने ठरले म्हणून योग्य ठरत नाही.

श्रीमंतांसाठी ही पळवाट ठरणार नाही का?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतल्यानंतर, बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. महाराष्ट्रभर संताप उसळला. तेव्हापासून या विषयावर कोणी बोलू लागले की श्रोत्यांतून ‘म्हणजे निबंधच ना?’ असा प्रश्न हमखास येतो.

त्या निबंधाचा पुनर्स्थापक न्यायाशी काही संबंध नाही. ती जामिनाची अट होती आणि तिच्यात मृतांच्या कुटुंबांना कोणतेही स्थान नव्हते. त्यांना काय विचारायचे आहे, काय ऐकायचे आहे, हे कोणी जाणून घेतले नाही. तरीही प्रश्नातली शंका रास्त आहे. भरपाईचे रूपांतर केवळ रकमेत झाले, तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी गुन्ह्याला दरपत्रक लागते. म्हणून करारात पैशाखेरीज वेळ, श्रम आणि प्रत्यक्ष हजेरी यांचा वाटा असावा लागतो. या गोष्टी वडिलांच्या खात्यातून देता येत नाहीत.

भारतीय कायद्यात याला कोठे जागा आहे?

या नावाने नाही, तुकड्यातुकड्यांनी आहे. काही गुन्हे पीडिताच्या संमतीने मिटवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत जुनीच होती आणि ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये कायम आहे. २००६ पासून लागू झालेल्या ‘प्ली बार्गेनिंग’च्या (गुन्हा कबूल करून सौम्य शिक्षेसाठी वाटाघाट करण्याच्या) तरतुदीत पीडिताला वाटाघाटीत स्थान आहे, सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे तसेच स्त्रिया व लहान मुलांविरुद्धचे गुन्हे तिच्याबाहेर ठेवले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आणली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि चोराने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. आपल्या दंडविधानात ‘भरून द्या’ या तत्त्वाच्या इतके जवळ जाणारे दुसरे कलम मला दिसत नाही. त्यातही चोर आणि ज्याची वस्तू गेली तो, यांची भेट अपेक्षित नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘रिस्टोरेशन’ हा शब्द पाहून काहींचा घोटाळा होतो. तेथे त्याचा अर्थ बालकाला त्याच्या कुटुंबात परत पोहोचवणे असा आहे. मात्र समुपदेशन, समाजसेवा आणि न्यायिक प्रक्रियेबाहेरचे उपाय यांना त्या कायद्यात वाव आहे, आणि सुरुवात करायचीच असेल तर ती तेथूनच होऊ शकते.

महाराष्ट्रातील तंटामुक्ती मोहीम याच विचाराची होती का? आणि जात पंचायत?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, सुरू झाली. बांधाचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, भाऊबंदकीच्या वाटणीचे वाद गावातच सुटावेत हा तिचा हेतू होता, आणि अशा दिवाणी स्वरूपाच्या वादांत तिने काही ठिकाणी चांगले काम केले. बांधावर उभे राहून दोन्ही भाऊ मोजणीची खूण पाहतात, तेव्हा दोघांनाही उद्या तेथेच नांगर धरायचा असतो. अशा वेळी समेटात दोघांचे हित असते. अडचण फौजदारी प्रकरणांत आली. गावाला गुण आणि लोकसंख्येनुसार बक्षिसाची रक्कम ठेवली की, मिटलेल्या तंट्यांची संख्या हेच उद्दिष्ट होते. मारहाण झालेल्या माणसाने समितीसमोर आपली कहाणी किती वेळ सांगितली, याला गुण नसतात.

जात पंचायतीची गोष्ट याहून स्पष्ट आहे. तेथेही लोक गोलाकार बसतात, समाज हजर असतो, दंड ठरतो, आणि परंपरेचे नाव घेतले जाते. पण दंडाची रक्कम पंचांकडे जाते आणि शेवटचे शस्त्र बहिष्कार असते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रेथवेट यांच्या परिभाषेत सांगायचे तर वाळीत टाकणारी लाज ती हीच.

दक्षिण आफ्रिकेचा सत्य व सलोखा आयोग हे याचे यशस्वी उदाहरण मानावे का?

सावधपणे मानावे. वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांचे सत्य बाहेर आणण्यासाठी हा आयोग नेमला होता. तेथे खटला व शिक्षेतून माफी मिळावी यासाठी ७,११२ अर्ज आले आणि ८४९ जणांना ती मिळाली. अट होती संपूर्ण सत्यकथनाची आणि राजकीय हेतूची, पश्चात्तापाची नव्हे. बळींना मात्र २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रॅंड देण्याचे ठरले, तेही आयोगाच्या शिफारशीहून बरेच कमी. सत्य जाहीर झाले ही मोठीच गोष्ट. भरून देण्याचा भाग लंगडा राहिला.

एखादी संस्था असा कार्यक्रम चालवत असेल, तर तिला काय विचारावे?

यशोगाथा ऐकून घ्याव्यात, पण त्यावर थांबू नये. बैठकीची तारीख कोणाच्या सोयीने ठरते, समन्वयकाचा पगार कोण देतो आणि त्याला महिन्याला किती प्रकरणे ‘निकाली’ काढावी लागतात, करार मोडल्यावर पीडिताला कोण आणि किती दिवसांत कळवते, हे विचारावे. सहा महिन्यांनी पीडिताला कोणी फोन केला का, हेही विचारावे. अपराध्याचा पाठपुरावा बहुतेक ठिकाणी असतो, पीडिताचा क्वचितच. आणि नोंदवही पाहायला मिळाली, तर बैठकीस नकार दिलेल्या पीडितांचा रकाना शोधावा. तो रकानाच नसेल, किंवा वर्षभरात त्यात एकही नोंद नसेल, तर नकार दिलेल्यांच्या खटल्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न तेथेच, त्याच टेबलावर विचारावा.